घरच्या सीएनसीचा पॉवर सप्लाय बनवताना माझे दोन ड्रायव्हर का जळाले?



मागच्या व्हिडिओत आप्पांच्या जुन्या मिलिंग मशीनची सीएनसी कशी केली ते दाखवलं होतं. शेवटी पॅनेलचं दार उघडून पाच सेकंद आतला ट्रान्सफॉर्मर दाखवला आणि म्हटलं, "हा पॉवर सप्लाय, याच्याबद्दल नंतर बोलू." गंमत म्हणजे सगळ्यात जास्त प्रश्न त्या पाच सेकंदांवरच आले. ताई, ट्रान्सफॉर्मर कशाला, एसएमपीएस का नाही? किती व्होल्टचा आहे? रेडिमेड मिळतो का?

खरं सांगते, तो भाग मी मुद्दाम पटकन उरकला होता. त्या डब्यामागे एक गेलेली ऑर्डर आहे आणि कॅमेऱ्यासमोर ते सांगायची तयारी नव्हती. लिहायला जरा सोपं जातं, म्हणून इथे लिहिते. थोडी आकडेमोड आहे, पण गुणाकार-भागाकाराच्या पुढे काही नाही.

आमचं दुकान कोल्हापूरच्या उद्यमनगरात. पुढे काउंटर, म्हणजे पितळी नेमप्लेट, ट्रॉफीच्या पट्ट्या, शिक्के. मागे वर्कशॉप. सीएनसी झाल्यावर आम्हाला हुपरीच्या चांदीच्या धंद्यातलं काम मिळायला लागलं. पैंजणाच्या नक्षीचे छोटे डाय. एक डाय बारीक कटरने कापायला पाच-सहा तास लागतात, म्हणजे दिवसाला एक. डायला साडेतीन हजार मिळतात. मधेच मशीन अडखळलं तर डाय भंगारात, आणि तेवढे तासही.

मशीनच्या तीन अक्षांना तीन स्टेपर मोटरी आहेत, नेमा २३ साइजच्या. (२३ म्हणजे मोटरीच्या तोंडाची चौकोनी पट्टी साधारण २.३ इंचाची, ताकदीचा आकडा नव्हे. हा गैरसमज बऱ्याच जणांचा असतो, माझाही होता.) प्रत्येक मोटरीला एक ड्रायव्हर, बाजारात '५४२' म्हणून मिळतो तो. याला जास्तीत जास्त ५० व्होल्ट डीसी चालतात. हा ५० चा आकडा लक्षात ठेवा, सगळी गोष्ट त्याच्याभोवती आहे. स्पिंडलची मोटर वेगळी, ती व्हीएफडीवर चालते, तिचा या सप्लायशी काही संबंध नाही.

आधी एसएमपीएसच होता

सुरुवातीला मी ३६ व्होल्ट १० अँपिअरचा स्वस्तातला एसएमपीएस लावला होता. तीन महिने छान चालला. मग एप्रिल आला. आमच्या वर्कशॉपवर पत्रा आहे, दुपारी दोनला आत काय होतं ते पत्र्याखाली काम केलेल्यांना सांगायला नको. तिन्ही मोटरी एकदम जोरात सुटल्या की सप्लाय क्षणभर बंद पडायचा आणि लगेच परत यायचा. लेबलवर १० अँपिअर लिहिलेले, पण ते त्या उकाड्यात आणि अशा झटक्याला नव्हते.

क्षणभर बंद, त्यात काय एवढं, असं वाटेल. पण स्टेपर मोटरला आपण कुठे आहोत ते माहीत नसतं. एका फेरीचे २०० टप्पे असतात, कंट्रोलर फक्त "इतके टप्पे पुढे जा" म्हणून सांगत राहतो आणि मोटर गेली असं धरून चालतो. मधे करंट गेला, मोटर जागेवरच राहिली, तरी कंट्रोलर आपला पुढे मोजतोय. परत चालू झाल्यावर कटर भलतीकडेच कापतो. पाऊण झालेला एक डाय असा गेला.

तेव्हा मी ठरवलं की ट्रान्सफॉर्मरचा साधा सप्लाय बनवायचा. ट्रान्सफॉर्मर, ब्रिज रेक्टिफायर, मोठे कपॅसिटर, एवढंच. त्यात कुठलं डोकं नाही, म्हणून बंद पडायची अक्कलही नाही. दोन-चार सेकंद दीडपट करंट मागितला तरी ट्रान्सफॉर्मर जरा गरम होतो आणि देतो.

इथे एक गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. लाइनला २०० येवोत की २५०, एसएमपीएस बाहेर ३६ च देत होता. हे काम तो गुपचूप करत होता म्हणून मला ते काम दिसलंच नाही. ट्रान्सफॉर्मर असं काही करत नाही. आत जे चढेल ते बाहेर चढणार.

कागदावर सगळं बरोबर होतं

माझा हिशोब असा. एसी व्होल्टेज रेक्टिफायर-कपॅसिटरमधून डीसी झालं की ते १.४१४ पट होतं. ब्रिजमध्ये दीडेक व्होल्ट जातात. मी ३४ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर सांगितला. ३४ गुणिले १.४१४ म्हणजे ४८, वजा दीड, साडेसेहेचाळीस. ड्रायव्हरची मर्यादा ५०. म्हणजे साडेतीन व्होल्ट हातात. बीबीए केलेल्या माणसाला आकडे जुळले की जग जिंकल्यासारखं होतं, तसं मला झालं.

"पण एवढं ताणायचंच कशाला, ३० व्होल्ट दिले असते," असं कोणी म्हणेल. त्याला कारण आहे. मोटरीच्या वेटोळ्यात करंट शिरायला वेळ लागतो. मोटर हळू फिरतेय तोवर वेळ मिळतो, जोरात फिरायला लागली की करंट आत शिरेपर्यंत पुढच्या टप्प्याची वेळ झालेली असते, मग जोर कमी पडतो. जत्रेच्या दिवशी एसटीत चढताना मागून रेटा लागतो ना, तसा व्होल्टेज म्हणजे तो रेटा. जास्त व्होल्टेज, जास्त वेगालाही जोर. म्हणून सगळेच ड्रायव्हरच्या मर्यादेच्या जवळ जायला बघतात.

ट्रान्सफॉर्मर बांधणाऱ्या काकांकडून ट्रान्सफॉर्मर आणला, सगळं जोडलं, मीटर लावला. ४७ आले. कागदावर साडेसेहेचाळीस, मीटरवर ४७. मी फोटो काढून स्टेटसला ठेवला. लाइनला त्या वेळी किती व्होल्ट होते, हे मात्र मोजलं नाही.

नऊ दिवस मशीन मस्त चाललं.

सुट्टीचा दिवस

हुपरीच्या गिऱ्हाइकाचे सहा डाय गुरुवारी द्यायचे होते. चार झाले होते. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी आजूबाजूला सगळं बंद असतं, कोणी येत-जात नाही, म्हणून मी आणि आप्पा सकाळी सातलाच गेलो. दोन दिवसांत दोन डाय, आरामात.

मेन स्विच दाबला. मोटरी अजून हललेल्याही नव्हत्या. 'टप्' असा आवाज आला आणि जळक्या प्लॅस्टिकचा वास. एक्स अक्षाचा ड्रायव्हर गेला होता.

आता पुढचं वाचून हसू नका. माझ्याकडे एक स्पेअर ड्रायव्हर होता. मी म्हटलं, हा पीस खराब असणार. स्पेअर लावला आणि परत स्विच दाबला. तोही गेला. मीटर अडीच फुटांवर खिळ्याला टांगलेला होता.

आप्पा काउंटरवरून उठून आत आले. त्यांनी ड्रायव्हरकडे बघितलंच नाही, भिंतीकडे बघितलं. तिथे आधी जुन्या स्टार्टरचं पॅनेल होतं, त्यावर काट्याचा व्होल्टमीटर होता आणि त्याच्या काचेवर २५० च्या जागी आप्पांनी लाल ऑइलपेंटची रेघ मारलेली होती. नवीन पॅनेल करताना मीच तो काढून ड्रॉवरमध्ये टाकला होता. जुनाट दिसत होता म्हणून.

"लाइन किती आहे?" एवढंच त्यांनी विचारलं.

मोजली. २५१. ड्रायव्हर काढून टाकून सप्लायचा डीसी मोजला. ५४.

कोल्हापुरात त्या दिवशी ड्रायव्हर मिळणं शक्य नव्हतं. पुण्याहून मागवले, यायला चार दिवस लागले. गिऱ्हाइकाला फोन केला. ते चिडले नाहीत, चिडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "ताई, मला पुढे शब्द गेलाय. झालेले चार द्या, दोन मी बघतो कुठनं तरी." चार डाय घेऊन गेले. पुढच्या महिन्याची ऑर्डर आली नाही.

अकरा वेढे

ट्रान्सफॉर्मर घेऊन परत काकांकडे गेले. आप्पांचे जुने ओळखीचे, चाळीस वर्षं वाइंडिंग करतात. मी सगळं सांगितल्यावर त्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला.

"पोरी, सुट्टीच्या दिवशी लाइन किती असती, बघितलीस कधी? फौंड्र्या बंद, मोटरी बंद, लोडच नाही. चढणारच की."

"पण काका, तुम्ही ३४ चाच बांधला ना?"

"३४ च आहे. पण ते पुऱ्या लोडवरचं. रिकामा असताना जास्तच दाखवणार तो."

म्हणजे दोन गोष्टी एकावर एक चढल्या होत्या. एक, लाइन २३० च्या ऐवजी २५१. दोन, रिकाम्या ट्रान्सफॉर्मरचं व्होल्टेज लेबलपेक्षा जास्त असतं. ५०० व्हीएच्या साध्या ट्रान्सफॉर्मरला साधारण सहा टक्के धरा, लहान असेल तर आणखी जास्त. आणि मशीन चालू केल्या क्षणी मोटरी उभ्या असतात, म्हणजे तो जवळजवळ रिकामाच असतो. नेमका तेव्हाच घात होतो.

मग मी आठवडाभर वहीत आकडे लिहिले. सकाळी, दुपारी, रात्री, सुट्टीच्या दिवशी. कामाच्या दिवशी भर दुपारी २१५ ते २२०, एकदा २०८. सुट्टीला २४८, २५१. माझ्या पहिल्या टेस्टला जे ४७ आले होते, ते लाइन पडलेली असताना आले होते. दोन चुका एकमेकींना झाकत होत्या आणि मी स्टेटस ठेवत होते.

तेव्हा खरा हिशोब हा असा करायचा. तुमच्याकडचं सगळ्यात जास्त आलेलं लाइन व्होल्टेज भागिले २३०. त्याला ट्रान्सफॉर्मरच्या लेबलवरच्या व्होल्टने गुणा. मग १.०६ ने गुणा. मग १.४१४ ने. त्यातून एक-सव्वा वजा करा, कारण रिकाम्या सप्लायवर ब्रिजमध्ये कमीच जातात. माझ्या ३४ व्होल्टला हे ५४ च्या वर जातं, म्हणजे मीटरवर दिसलं तेच. २८ व्होल्ट घेतले तर २५१ ला साडेचव्वेचाळीस येतात. लाइन २६० झाली तरी ४६ च्या आसपास. ५० च्या आत, आणि थोडी जागाही शिल्लक. ती जागाही लागते, कारण मोटर एकदम थांबते तेव्हा ती थोडी वीज उलटी पाठवते. आपल्या छोट्या मशीनवर हे फार नसतं, मोठे कपॅसिटर पिऊन टाकतात, पण काठोकाठ भरलेल्या सप्लायला तेवढंही नको असतं.

उलट बाजूही बघितली. लाइन २०८ ला पडली आणि पूर्ण लोड असला तर ३३-३४ व्होल्ट मिळतात. मशीन चालतं. रिकाम्या फेऱ्यांचा वेग मी थोडा कमी केला, कापण्याच्या वेगात काही फरक पडला नाही.

मला वाटलं, आता नवीन ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागणार. काका हसले. सेकंडरी सगळ्यात बाहेरच्या बाजूला गुंडाळलेली असते. त्यांनी स्टॅम्पिंग काढली, वरचा कागद सोडवला. या कोअरला व्होल्टला साधारण १.८ वेढे बसतात, सहा व्होल्ट कमी करायचे म्हणजे अकरा वेढे. अकरा वेढे उतरवले, परत कागद, वार्निश, स्टॅम्पिंग. पाचशे रुपये घेतले. दीड तासात झालं, त्यातला अर्धा तास चहाचा.

काकांनी एक गोष्ट वर सांगितली ती तुम्हालाही सांगते. बांधून घेताना तांब्याचीच तार पाहिजे असं आधी ठरवून सांगा आणि वजन विचारा. अॅल्युमिनियमची तार घालून तांब्याचे पैसे घेणारेही आहेत. भंगारातला परदेशी ट्रान्सफॉर्मर स्वस्त मिळतो, पण त्याच्यावर फक्त ६० हर्ट्झ लिहिलं असेल तर सोडून द्या. आपली लाइन ५० हर्ट्झची, तो आपल्याकडे जास्त तापतो.

डब्यात काय काय आहे

ट्रान्सफॉर्मर किती मोठा? तीन मोटरी चार-चार अँपिअरच्या, म्हणजे बारा असं करू नका. ड्रायव्हर सप्लायकडून तेवढे घेत नाही, बेरजेच्या दोन-तृतीयांश धरतात. माझे आठ अँपिअर झाले. पण कपॅसिटर करंट सलग न घेता घोट-घोट घेतो, त्यामुळे ट्रान्सफॉर्मरला आठच्या साधारण १.८ पट सोसावे लागतात. २८ गुणिले ८ गुणिले १.८ म्हणजे चारशे व्हीएच्या थोडं वर. मी ५०० चा घेतला. तिन्ही मोटरी एकाच वेळी पूर्ण जोरात कधी नसतात, त्यामुळे तो हाताला कोमट लागतो, एवढंच.

कपॅसिटर. ५० हर्ट्झला दर १० मिलिसेकंदांनी ट्रान्सफॉर्मरकडून भर पडते, मधल्या वेळात कपॅसिटरने सांभाळायचं. चार व्होल्टपेक्षा जास्त खाली जाऊ नये असं ठरवलं. ८ अँपिअर गुणिले ०.०१ सेकंद भागिले ४ व्होल्ट, आले ०.०२ फॅरड, म्हणजे २०,००० मायक्रोफॅरड. मी १०,००० चे दोन लावले, ६३ व्होल्टचे. इंटरनेटवरचे तयार फॉर्म्युले बहुतेक ६० हर्ट्झच्या देशातले असतात, त्यात उत्तर थोडं कमी येतं.

ब्रिज रेक्टिफायर धातूच्या बुडाचा, ३५ अँपिअरचा. आठ अँपिअरला ३५ चा कशाला? कारण चालू करताना रिकामे कपॅसिटर एकदम ओढतात, आणि नव्वद रुपयांच्या वस्तूत काटकसर करण्यात अर्थ नाही. पूर्ण लोडला तो १५-१६ वॅट उष्णता टाकतो, म्हणून पेस्ट लावून अॅल्युमिनियमच्या जाड पट्टीवर कसून बसवला.

आता जिवाशी संबंध असलेलं. कपॅसिटरला समांतर १ किलोओहम, ५ वॅटचा पांढरा रेझिस्टर लावलाच पाहिजे. स्विच बंद केल्यावरही कपॅसिटर भरलेले असतात. रेझिस्टर असला की ते हळूहळू रिकामे होतात, माझ्या हिशोबाने दीड-दोन मिनिटं. तेवढं थांबा, तरीही मीटर लावून बघा आणि मगच हात घाला. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून रिकामे करणारे वीर मी बघितलेत. ठिणगी पडते, स्क्रूड्रायव्हरचं टोक जातं आणि कधीकधी डोळ्यावर येतं.

प्रायमरीला फ्यूज ३.१५ अँपिअरचा, पण सावकाश उडणारा, ज्यावर टी लिहिलेलं असतं तो. साधा लावला तर ट्रान्सफॉर्मर चालू होतानाच्या झटक्याने रोज उडेल. एमसीबीही सी प्रकारचा. प्रत्येक ड्रायव्हरला वेगळा फ्यूज आणि कपॅसिटरपासून वेगळी वायर. एकीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी अशी माळ करायची नाही, एका मोटरीचा त्रास दुसरीला होतो. कंट्रोलरला आणि लिमिट स्विचला लागणारे ५ आणि २४ व्होल्ट यातून काढू नका, त्याला छोटे एसएमपीएस वेगळे ठेवा. त्या कामाला ते उत्तम.

इमर्जन्सी बटण मी आधी कपॅसिटर आणि ड्रायव्हरच्या मधे लावणार होते. चूक आहे ते. चालत्या मोटरीच्या ड्रायव्हरची डीसी वायर अशी तोडली की ड्रायव्हरलाच इजा होते, आणि परत जोडताना झटका बसतो तो वेगळाच. बटणाने कॉन्टॅक्टरमार्फत ट्रान्सफॉर्मरची एसी बाजू तोडायची, आणि त्याच बटणाचा दुसरा कॉन्टॅक्ट कंट्रोलरला द्यायचा म्हणजे मोटरी लगेच थांबतात. नुसती एसी तोडली तर कपॅसिटरमधल्या शिल्लकीवर मशीन थोडं पुढे जातंच.

ओव्हर-अंडर व्होल्टेज रिले मी दुसऱ्या फेरीत घातला, नऊशे रुपयांचा. २६० च्या वर गेलं की कापतो. हे सुट्टीच्या दिवसासाठी नाही, त्याची सोय २८ व्होल्टने झाली. हे न्यूट्रल उडतं त्या दिवसासाठी. थ्री फेजच्या एरियात न्यूट्रल तुटलं तर सिंगल फेजवर किती येतील याचा भरवसा नसतो. तेव्हा ड्रायव्हरच काय, दुकानातला फ्रीजही जातो.

आणि अर्थिंग. डबा, ट्रान्सफॉर्मरचा सांगाडा, मशीनचा बेड, सगळं अर्थला. मशीनवर पाणी-कूलंट असतं, हात ओले असतात. बोर्डात अर्थची वायर आहे म्हणजे अर्थिंग आहे असं समजू नका, इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. २३० व्होल्टची बाजू मी स्वतः जोडली नाही, लायसनवाल्या माणसाकडून जोडून घेतली. त्याचे पैसे वाचवायचे नसतात.

पहिल्यांदा चालू करताना काकांनी सांगितलेलं जुनं तंत्र वापरलं, सिरीज बल्ब. १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब लाइनच्या मधे सिरीजमध्ये. एलईडी चालत नाही, तारेचाच पाहिजे. स्विच दाबला, बल्ब क्षणभर लागला आणि मंद होत विझला, म्हणजे ठीक. तसाच लख्ख पेटत राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे, बंद करा. ड्रायव्हर न जोडता आधी हे, मग मीटर, मग बल्ब काढून परत मीटर, मग एकच ड्रायव्हर. यावेळी मी ते सुट्टीच्या दिवशी केलं, मुद्दाम. लाइन २४९, डीसी ४४.

पैसे किती लागले आणि तुम्ही हे करावं का

ट्रान्सफॉर्मर २,९००, वेढे उतरवायचे ५००. ब्रिज ९०, कपॅसिटर ६४०. फ्यूज, एमसीबी, टर्मिनल, वायर ८५०. कॉन्टॅक्टर आणि इमर्जन्सी बटण १,१००. भंगारातला जुना पॅनेलचा डबा ४००. रिले ९००. झाले ७,३८०. इलेक्ट्रिशियनची मजुरी वेगळी. जळालेले दोन ड्रायव्हर ३,८०० चे, ते शिकवणीच्या फीमध्ये धरले.

चांगल्या कंपनीचा, तेवढ्याच ताकदीचा एसएमपीएस मला तेव्हा साडेपाच हजारांत मिळत होता. म्हणजे "घरी बनवून पैसे वाचवले" असं मी म्हणू शकत नाही. थंबनेलवर तसं लिहिलं असतं तर व्ह्यू जास्त आले असते, पण ते खोटं आहे.

मग का केलं? माझ्या वहीतला दुसरा हिशोब बघा. मशीन एक दिवस बंद म्हणजे एक डाय गेला, साडेतीन हजारांचं काम. ड्रायव्हरची वाट बघण्यात चार दिवस गेले, चौदा हजार. एसएमपीएस उडाला तर तसाच दुसरा इथे लगेच मिळेलच असं नाही. या डब्यातली मात्र प्रत्येक वस्तू मला कोल्हापुरात, सुट्टी सोडून कुठल्याही दिवशी तासाभरात मिळते, आणि काय बिघडलं ते मीटरने दहा मिनिटांत सापडतं. ड्रायव्हरचेही आता दोन स्पेअर कपाटात असतात.

तुमचं मशीन लाकूड, अॅक्रिलिकचं असेल, मोटरी छोट्या नेमा १७ च्या असतील, २४ व्होल्टवर काम भागत असेल, तर या भानगडीत पडू नका. नावाजलेला, गरजेच्या दीडपट ताकदीचा एसएमपीएस घ्या, त्याला हवा लागेल असा बसवा आणि गिऱ्हाईक शोधायला लागा. तसंच, विजेच्या कामाचा हात नसेल आणि जवळ कोणी काका नसतील, तरीही नको. हे त्यांच्यासाठी आहे ज्यांचं मशीन धातू कापतं, तासन्‌तास चालतं आणि ज्यांची लाइन आमच्यासारखी उड्या मारते. त्यांनीही ट्रान्सफॉर्मर सांगण्याआधी आठवडाभर व्होल्टेज लिहून काढा, त्यात एक सुट्टीचा दिवस पाहिजेच. काकांना सांगून सेकंडरीला २६, २८, ३० असे टॅप काढून घेतले तर आणखी बरं, दोनेकशे रुपये जास्त जातील पण वेढे उतरवायला जावं लागणार नाही.

आप्पांचा व्होल्टमीटर ड्रॉवरमधून काढून पॅनेलच्या दारावर बसवला आहे. व्हिडिओत तो दिसला म्हणून एकाने विचारलं होतं की हा शोसाठी आहे का. चालू आहे. डिजिटल मीटरपेक्षा तीन व्होल्ट कमी दाखवतो, ते आम्हाला माहीत आहे. लाल रेघ आप्पांनी परत रंगवली, आता २६० वर.

हुपरीचे गिऱ्हाईक अडीच महिन्यांनी आले. फोन न करता, थेट दुकानात. नवीन नक्षी होती, ती दाखवली आणि म्हणाले, "एकच करा सध्या." एक केला, एक दिवस आधी दिला. तेव्हापासून महिन्याला एक-दोन येतात. सहाची ऑर्डर अजून दिलेली नाही. आले की मागे वर्कशॉपमध्ये डोकावतात, मशीन चालू आहे ना बघतात, मग खुर्चीत बसतात.